ग्रंथ जोडीनं वाचायचा

न्यूयॉर्क

ज्यू धर्माविषयी आपल्याकडे दोन समजुती पक्क्या बसलेल्या आहेत. एक अशी की हा धर्म जन्मानं मिळतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तिथे काही काम नाही. दुसरी अशी की ज्यू केंद्र म्हणजे ज्ञातीचं सभागृह असणार: लग्नकार्यं, वधूवर मेळावे, गुणवंतांचे सत्कार आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागात, अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यू आणि ७६वा रस्ता जिथे मिळतात तिथे, ज्यू कम्युनिटी सेंटरची बहुमजली इमारत आहे. इथले लोक तिला नुसतं ‘जेसीसी’ म्हणतात. पोहायला, व्यायामाला, पोराला बालवाडीत सोडायला तिथे सर्व धर्मांची माणसं येतात आणि सभासदत्वही सर्वांना खुलं आहे. पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पोहण्याचा तलाव सर्वांना खुला ठेवणं सोपं असतं. अवघड असतं ते धर्मग्रंथ खुला ठेवणं, आणि तोही अशा माणसापुढे, ज्याचं देव आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. ते या लोकांना साधलं आहे. कशामुळे साधलं, याचा विचार आपल्यापैकी ज्यांना संतपरंपरेचा अभिमान आहे त्यांनी तरी करावा, असं मला फार तळमळीनं वाटतं.

शावुओत हा त्यांचा सण घेऊ. सिनाई पर्वतावर तोरा, म्हणजे त्यांचं मूळ शास्त्र, मिळाली त्याची ही आठवण. या रात्री झोपायचं नाही, अभ्यास करत जागायचं, ही प्रथा सोळाव्या शतकातल्या गूढवादी मंडळींनी रूढ केली. जेसीसीमध्ये हा जागर रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. शुल्क नाही. प्रत्येक मजल्यावरच्या खोल्यांत एकाच वेळी वेगवेगळे वर्ग भरतात, आणि या सणाला दुधाचे पदार्थ खायची रीत असल्यामुळे मध्यरात्री चीजकेक असतो. एकादशीचा जागर ज्यानं पाहिला आहे त्याला ती गर्दी, तो उत्साह, पेंगणाऱ्यांना जागं ठेवणारी ती ऊब ओळखीची वाटेल. फरक आहे तो माणसं काय करतात यात. बऱ्याच खोल्यांत कुणी व्यासपीठावरून बोलत नसतं. मूळ उताऱ्याची एक प्रत दोघांत किंवा प्रत्येकी एक अशी हातात दिली जाते, हिब्रू किंवा अरामी मजकूर आणि शेजारी इंग्रजी भाषांतर. शिकवणारा पाच-दहा मिनिटांत संदर्भ सांगतो आणि मग म्हणतो, आता जोडीनं वाचा. या जोडीच्या वाचनाला ते हवरूता म्हणतात. एकानं ओळ मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं विचारायचं, हे असंच का म्हटलंय, दुसरा शब्द का नाही वापरला, हे मला पटत नाही. मग दोघांनी मिळून उत्तर शोधायचं, आणि नाही सापडलं तर प्रश्न तसाच ठेवून पुढे जायचं. अर्ध्या तासानं शिकवणारा सगळ्यांना एकत्र आणतो आणि जोड्यांना काय अडलं ते ऐकतो. नवख्या माणसाचं खरं स्वागत इथे होतं. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्याकडेही विचारण्यासारखं काहीतरी असतंच, आणि या पद्धतीत नेमकं तेच कामाला येतं.

ही पद्धत शिक्षणशास्त्राच्या एखाद्या नव्या पुस्तकातून उचललेली नाही. ती ग्रंथातच आहे. बॅबिलोनियात इसवी सन ५००च्या आसपास आकाराला आलेला तालमुद हा मुख्यतः वादांचा ग्रंथ आहे. व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ या काळात डॅनियल बॉम्बर्गनं तो पहिल्यांदा पूर्ण छापला, तेव्हापासून पानाची रचना ठरून गेली: मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला फ्रान्समधल्या राशी या पंडिताचं अकराव्या शतकातलं भाष्य, दुसऱ्या बाजूला राशीच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनं त्याच भाष्यावर घेतलेले आक्षेप. आजोबांचं म्हणणं आणि नातवांची हरकत, दोन्ही एकाच पानावर, समोरासमोर, आणि दोन्ही पूज्य. हिल्लेल आणि शम्माई या दोन घराण्यांचे शेकडो वाद तालमुदात नोंदले आहेत. निर्णय बहुधा हिल्लेलच्या बाजूनं लागतो. त्याचं एक कारण ग्रंथच देतो: हिल्लेलचे शिष्य आपलं मत सांगण्याआधी प्रतिपक्षाचं मत सांगत असत. हरलेलं मतही पुसलेलं नाही, कारण पुढच्या पिढीतल्या न्यायसभेला कदाचित त्याची गरज पडेल. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून झालेल्या वादाची कथा तर फारच धीट आहे. रब्बी (धर्मपंडित) एलिएझर आपलं मत खरं ठरवण्यासाठी झाड जागचं हलवून दाखवतात, पाणी उलटं वाहवतात, शेवटी आकाशवाणीही त्यांच्या बाजूनं होते. तरी सभा त्यांचं ऐकत नाही. शास्त्र आकाशात नाही, असं रब्बी यहोशुआ उठून सांगतात; ते एकदा माणसांच्या हाती दिलं, आता निर्णय बहुमतानं होईल, असा त्याचा अर्थ ग्रंथ लावतो. आणि देव हसतो. कथा इथेच थांबत नाही हेही लक्षात घेतलं पाहिजे. एलिएझरना बहिष्कृत करतात, आणि त्यांच्या मनाला झालेल्या जखमेचं दुःख ग्रंथ पुढे विस्तारानं सांगतो. वाद जिंकल्यावर हरलेल्याशी कसं वागायचं, हा प्रश्नही त्या पानावरच येतो.

आता आपल्याकडे या. गावोगावी सप्ताह होतात, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, व्यासपीठावर प्रवचन होतं, रात्री कीर्तन होतं. नऊ हजारांहून अधिक ओव्या सात दिवसांत वाचून होतात. यात मोठी शिस्त आहे, गोडी आहे, आणि कुणाच्याही भक्तीवर शंका घ्यायचा मला अधिकार नाही. पण या सात दिवसांत एकाही श्रोत्याला एकही प्रश्न विचारायला वेळ ठेवलेला नसतो. पारायणात ओवी वाचायची असते, तिच्यापाशी थांबायचं नसतं. प्रवचनकार थांबतो, पण तो त्याला हवं तिथे थांबतो. मांडी घालून बसलेल्या बाईला जिथे अडलं तिथे नाही. आणि गंमत म्हणून नाही, खेदानं म्हणतो, ज्या ग्रंथाचं हे पारायण चालतं तो ग्रंथच प्रश्नांतून जन्मलेला आहे. अर्जुन अडतो म्हणून गीता पुढे सरकते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाच्या वाटेवर नमस्कार आणि सेवेच्या बरोबरीनं प्रश्न विचारणं सांगितलं आहे. ज्ञानेश्वर तर श्रोत्यांशी सतत बोलतात, त्यांना काय वाटत असेल ते ओळखतात. श्रोते आणि निवृत्तिनाथही मध्ये बोलतात, विषयाकडे परत आणतात. नेवाशाच्या त्या सभेत जे घडल्याचं ज्ञानेश्वरी सांगते, ते आज तिच्याच पारायणाच्या मंडपात घडू शकत नाही. तिथे मधेच हात वर करणाऱ्याला स्वयंसेवक खाली बसवतील.

आपल्याकडे वादाची परंपरा नव्हती असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग खंडन करायचं, ही पूर्वपक्षाची रीत आपल्या शास्त्रग्रंथांत सर्वत्र आहे, आणि ती हिल्लेलच्या रीतीहून वेगळी नाही. अडचण अशी झाली की वाद संस्कृतात, शास्त्र्यांच्या सभेत राहिला, आणि मराठीतून लोकांकडे आलं ते श्रवण. संतांनी ज्ञान लोकभाषेत आणलं, यासाठी त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच. पण शंका घेण्याचा अधिकार त्या ज्ञानाच्या मागोमाग तितक्या मोकळेपणानं मंडपात आला नाही. विद्वानांकडे प्रश्न, लोकांकडे श्रद्धा, अशी वाटणी झाली आणि ती आपण नैसर्गिक मानून बसलो. ज्यूंमध्येही नेमकी हीच वाटणी होती. तालमुदाची पाठशाळा शतकानुशतकं पुरुषांची होती. सामान्य शिंपी आणि फेरीवाला प्रार्थना करी, स्तोत्रं म्हणे, आणि स्त्रीला तर तालमुदाचं पान उघडायची मुभा नव्हती. जेसीसीतलं आजचं मोकळं टेबल हा काही तीन हजार वर्षांचा वारसा नाही. ते फार तर शंभर वर्षांचं काम आहे, आणि मुद्दाम केलेलं काम आहे. मला आशा वाटते ती यामुळेच.

त्या कामाची सुरुवात समाज विरघळून जाण्याच्या भीतीतून झाली. १९२०मध्ये फ्रांत्स रोझेनत्स्वाइग या तत्त्वज्ञानं फ्रँकफुर्टमध्ये प्रौढांसाठी एक मुक्त पाठशाळा चालवायला घेतली. काही वर्षांपूर्वी तो स्वतः ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावरून परतला होता. त्याच्या भोवतालचे ज्यू वकील होते, डॉक्टर होते, उत्तम जर्मन लिहीत होते, आणि स्वतःच्या ग्रंथांबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. रोझेनत्स्वाइगचा आग्रह असा की अशा माणसाला त्याच्या अज्ञानाबद्दल लाज वाटू द्यायची नाही. तो बाहेरून आत येतोय, तर बाहेरचे त्याचे प्रश्नच अभ्यासाची सुरुवात समजायचे. मार्टिन बूबर तिथे शिकवत असे. नाझींनी ते सारं विश्व बेचिराख केलं, पण कल्पना अमेरिकेत रुजली. इथे मॉर्डेकाय कॅप्लननं आधीच दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली होती. ज्यू असणं म्हणजे फक्त उपासना नव्हे, ती एक संपूर्ण संस्कृती आहे, खाणं, गाणं, खेळ, अभ्यास सगळं त्यात येतं, असं तो म्हणे. आणि १९१८च्या सुमारास, आजच्या जेसीसीपासून दहाच रस्ते उत्तरेला, ८६व्या रस्त्यावर प्रार्थनागृह, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव एकाच छपराखाली आणणाऱ्या केंद्राचा तो पहिला रब्बी झाला. त्याचीच मुलगी ज्युडिथ १९२२मध्ये तोरा वाचायला उभी राहिली. मुलग्यांचा व्रतबंधासारखा संस्कार मुलीला मिळाल्याचं अमेरिकेतलं ते पहिलं उदाहरण मानतात. १९७९मध्ये याच शहरात स्त्रियांना तालमुद शिकवण्यासाठी द्रिशा ही संस्था निघाली. आणि भीती संपलेली नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीनुसार अमेरिकेत लहानमोठे धरून सुमारे ७५ लाख ज्यू आहेत, प्रौढांतले २७ टक्के आपला धर्म कोणताच नाही असं सांगतात, आणि २०१०नंतर लग्न केलेल्यांपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही. अशा समाजापुढे दोन वाटा असतात, कुंपण उंच करायची किंवा दार रुंद करायची. इथल्या कट्टर पंथीयांनी पहिली घेतली आहे, आणि त्यांची संख्या वाढते आहे हे मान्य केलं पाहिजे. जेसीसीनं दुसरी घेतली.

आपणही असं करावं, यावर पहिला आक्षेप येईल तो वारकऱ्यांकडून, आणि तो वजनदार आहे. कीर्तनासाठी अक्षरओळख लागत नाही. शेतातून आलेला माणूस, जात्यावर बसणारी बाई, जनाबाई, चोखोबा, सगळे त्या श्रवणातून उभे राहिले. मॅनहॅटनमधल्या पदवीधरांनी भाषांतरं हातात घेऊन केलेल्या चर्चेची बरोबरी त्याच्याशी होत नाही. मी हे मानतो. पण मग हेही मानावं लागेल की ज्या चोखोबानं श्रवणातून एवढं मिळवलं, त्याची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, आणि मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. ऐकण्याचा हक्क मिळाला म्हणून बरोबरीनं बसण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. शिवाय आज गावात शाळा आहे, दहावी झालेली मुलगी आहे, शासनानं छापलेली तुकारामांची गाथा स्वस्तात मिळत आली आहे. ग्रंथ हाताशी आहे आणि वाचताही येतं. तरी रीत निरक्षर काळाचीच चालू आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे मुलं कसून अभ्यास करतात. पण तो अभ्यास कीर्तनकार घडवण्यासाठी आहे, श्रोता घडवण्यासाठी नाही. मला महाराष्ट्रात या बाबतीत सर्वांत जवळचं वाटतं ते बौद्ध वस्त्यांमधलं वर्षावासातलं वाचन. तीन महिने विहारात रोज ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायचा, वाचणारी बाई शेजारच्याच घरातली, आणि ऐकणारे तिला अडवू शकतात. बाबासाहेबांच्या मागे आलेल्या समाजानं कुणाची परवानगी न मागता ही रीत बसवली. बाकी महाराष्ट्रानं तिच्याकडे लक्ष दिलेलं नाही, हा आपला करंटेपणा.

दुसरा आक्षेप जेसीसीच्या दारातल्या पहारेकऱ्याचा. स्वागत करणाऱ्या घरात पिशव्या का तपासतात? २०१७मध्ये अमेरिकेतल्या कितीतरी ज्यू केंद्रांना बॉम्बच्या धमक्या आल्या. २७ ऑक्टोबर २०१८ला पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ प्रार्थनागृहात शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी ११ माणसांना मारलं. मुंबईला हे वेगळं समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २००८मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये अतिरेकी शिरले. येईल त्या प्रवाशाला जेवू घालणारं ते घर होतं आणि तिथे रब्बी दांपत्यासह सहा जणांचा जीव गेला. पहारा ठेवूनही दार उघडं ठेवणं हे म्हणून मला जास्त कठीण आणि जास्त आदराचं वाटतं. पैशाचा आक्षेपही खरा आहे: सभासदत्व महाग आहे आणि भिंतींवर देणगीदारांची नावं आहेत. आणि सर्वांत खरी मर्यादा इस्रायल ही आहे. ७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध, यावर अमेरिकेतल्या ज्यूंमध्ये घराघरांत फूट पडली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा वाद शांतपणे वाचणाऱ्या माणसांना या वादात एकमेकांचं पहिलं वाक्यही ऐकून घेणं जड जातं. हिल्लेलची रीत ग्रंथात असल्यानं ती आचरणात येतेच असं नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा: प्रश्नांनी भक्ती पातळ होते. तसं असतं तर दाफ योमी, म्हणजे रोज एका पानाची रीत, टिकली नसती. १९२३मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलं की जगभरच्या ज्यूंनी रोज तालमुदाचं एकच ठरलेलं पान वाचावं. २,७११ पानं, साडेसात वर्षांचं एक आवर्तन. १ जानेवारी २०२०ला तेरावं आवर्तन पुरं झाल्याचा सोहळा इथून जवळच न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर झाला, कडाक्याच्या थंडीत सुमारे ९०,००० माणसं जमली होती, बहुतेक कट्टर श्रद्धावान. त्याच आठवड्यात जेरुसलेममध्ये स्त्रियांनी स्वतःचा सोहळा केला, तिथेही हजारो जणी होत्या. ही माणसं साडेसात वर्षं रोज वाद आणि हरकती वाचत होती, आणि देवाला सोडून गेली नाहीत. रोज एक पान हा वेग फार झाला, त्यानं खोली राहत नाही, अशी टीका त्यांच्यातलेच अभ्यासक करतात. सात दिवसांत ज्ञानेश्वरी संपवणाऱ्या आपल्याला ती टीका ऐकायला हवी.

आणि हे सगळं परक्यांचं आहे, मराठीला झेपणार नाही, असं म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही. कोकणातले बेने इस्रायल, पेण आणि रोह्याकडचे ते शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, पेणकर, रोहेकर, दिवेकर, हे मराठी बोलणारे ज्यू. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६मध्ये मुंबईत प्रार्थनागृह बांधलं. आजच्या मस्जिद स्थानकाचं नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात या लोकांनी आपल्याकडून कीर्तन घेतलं, आणि अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत रंगवली. आपण त्यांच्याकडून काय घेतलं? पेसाख या सणाच्या रात्री जेवणाआधी वाचायची हगादा ही पोथी १८४६मध्ये मुंबईत हिब्रू-मराठीत छापली गेली, पुण्यात १८७४मध्ये पुन्हा निघाली, आणि तिच्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. त्या विधीत घरातल्या सर्वांत लहान पोरानं विचारायचं असतं की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का. त्यानं विचारल्याशिवाय मोठ्यांनी गोष्ट सुरू करायची नसते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे मराठीत छापलेलं आहे. या बेने इस्रायलांमधली बहुतेक कुटुंबं १९४८नंतर इस्रायलला गेली, तिथे मायबोली नावाचं मराठी मासिकही त्यांनी चालवलं. त्यांच्याच कोकणात, अलिबागच्या परिसरातल्या एखाद्या गावानं पुढच्या सप्ताहात प्रवचनाच्या दोन तासांतला एक तास कमी करावा, मंडपात दोघादोघांच्या हाती एकच ओवी द्यावी आणि प्रवचनकार महाराजांनी माइक खाली ठेवून त्यांच्यामध्ये फिरावं. याला वर्गणीही वाढवावी लागणार नाही.